थोरलीचं रक्त

४ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी आज दोन वह्या दिल्या. एक मेंढ्यांची. काय खाल्लं, किती पाणी प्यायल्या, लेंडी घट्ट की पातळ, हे रोज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचं. दुसरी जादा आली होती, ती म्हणाल्या तुम्हालाच ठेवा. हिच्यात काय लिहू? सातवीपर्यंत शिकलो, त्यालाही पन्नास वर्षं झाली. पण सहा वाजता शेडला कडी लावली की सकाळपर्यंत तोंड उघडायचं काम पडत नाही. म्हणून लिहून बघतो.

म्हाळसा शनिवारी पुण्याला लेकाकडं, बिरूच्या घरी गेली. नात सृष्टी पाच महिन्यांची झाली, सूनबाईची रजा संपली, घरात माणूस पाहिजे. बिरू म्हणाला, "आबा, तुमालाबी नेलं आसतं, पर फ्लॅटला दोनच खोल्या हायत." बरोबर आहे. लहान लेकराच्या मी काय कामाचा? गाडी सुटताना म्हाळसा खिडकीतून गॅस बंद करायचं सांगत होती. गॅस मी रोज तीनदा बघतो. आज चारदा बघितला.

माळशिरसकडची माझी मेंढरं गुडघे गेले तेव्हा विकली. हितं सोलापुरात या संशोधन संस्थेला मेंढ्या कळणारा माणूस पाहिजे होता म्हणून घेतलं. शेडच्या बाजूलाच खोली आहे. मेंढ्या दोनच. दोन्ही काळ्या, एका वयाच्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. बिल्ल्यांनी कान चिघळले, त्यात किडे झाले म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी बिल्ले काढायला लावले. आता एकीच्या गळ्यात लाल पट्टा, दुसरीच्या निळा. मला पट्टा लागत नाही. लालवालीचं कपाळ रुंद आहे, ती दोन पावलं पुढं चालते. तिला थोरली म्हणतो. दुसरी धाकटी. हे मेंढ्यांच्या वहीत लिहिलं नाही, हसतील.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज दोघींचं थोडं थोडं रक्त काढलं आणि थोरलीला पहिली सुई दिली. चार ठिकाणी, कातड्याखाली. ती ओरडली नाही. मीच डोळे मिटले.

त्याआधी दाक्षायणी मॅडमनी मला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. बाई अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या, पण मराठी पुस्तकासारखं. माणसाच्या शरीरात बारीक पेशी असतात. पेशीत वीजघर असतं, त्याला मायटोकॉन्ड्रिया म्हणायचं. त्या वीजघरात आणखी बारीक यंत्रं, ती रायबोसोम. त्या यंत्राचा एक सुटा भाग म्हणजे एक प्रोटीन, त्याला लांबलचक इंग्रजी नाव आणि आकडा आहे. काही लेकरांत तो भागच नसतो. ती वर्षाची झाली तरी मान धरत नाहीत. तो आहे की नाही हे दुर्बिणीतूनही नुसतं दिसत नाही. पण तोच भाग मेंढीला टोचला की मेंढीचं रक्त त्याला धरायला शिकतं. रक्तात जे तयार होतं ती अँटिबॉडी. मग कुठल्याही लेकराच्या पेशीवर ती सोडायची. भाग असला तर कागदावर काळी पट्टी उमटते.

अजीजाबाई बाजूला काचा धूत होती. ती मॅडमच्या हाताखाली पंधरा वर्षं आहे. म्हणाली, "चाचा, कारखान्यात माग रहते ना? तसंच. कपड्याच्या जागी प्रोटीन विणायचं. आपण मागाचा एक खिळा हुडकतोय."

हे छान समजलं. मग मॅडमनी निळ्या पट्ट्याची मेंढी कशाला आणि दोघींचं रक्त वेगळं का ठेवायचं ते सांगितलं, त्यात इंग्रजी फार आलं. "समजलं का काका?" म्हटलं, समजलं. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

११ ऑगस्ट, सोमवार

म्हाळसाचा फोन.

"जेवला का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"भाकरी."

"करपिवली आसंल."

"एकच बाजू."

"दुसरी बाजू कच्ची ठिवली आसंल मग." आणि हसली. मागं सृष्टी रडत होती, तिनं फोन ठेवला. बत्तीस सेकंद असं फोनवर दिसलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज थोरलीला दुसरी सुई. पट्टा बघून, कपाळ बघून, मीच धरून दिली. खोलीला कुलूप लावलं का हे बघायला दोनदा परत आलो. लावलं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

थोरलीचं रक्त काढलं. मानेच्या शिरेतून, मोठी नळी भरून. मी तिची हनुवटी वर धरली होती. रक्त गोठलं की वर पिवळट पाणी येतं, त्यातच मॅडमची अँटिबॉडी. अजीजाबाई म्हणाली, "दुधावरची साय समझो."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पट्टी आली! मॅडम स्वतः शेडपर्यंत पळत आल्या, पायात आतल्या चपला तशाच. मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्यावर एक फिकट रेघ, पेन्सिलीनं ओढून पुसल्यासारखी. मला आधी दिसलीच नाही. "ही बघा काका, बरोबर जिथे यायला पाहिजे तिथे!" म्हटलं, लई झ्याक. त्या म्हणाल्या, आणखी एकदोन सुयांनी ती गडद होईल. दोन वर्षं त्या या रेघेसाठी झुरतायत असं अजीजाबाई म्हणाली. परदेशातून आणलेली तयार अँटिबॉडी दोन वेगळ्या भागांना धरायची, म्हणून आपली स्वतःची करायचं ठरवलं.

म्हाळसाला सांगायला फोन केला. सूनबाईनं उचलला. सासूबाई सृष्टीला आंघोळ घालतायत म्हणाली. पट्टीचं सूनबाईला काय सांगणार? ठेवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिसरी सुई. पाऊस थांबत नाही, सीना नदीकाठची गावं पाण्यात आहेत म्हणतात. शेडमध्ये ओल आली. मी पोती पसरली. ओल मेंढीच्या खुरात शिरते, हे यांना सांगून कळत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सुट्टी. थोरलीच्या मानेखाली सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ आली आहे. चारा हुंगते आणि तोंड फिरवते. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले अशी गाठ येतेच, ताप नाही ना, मग झालं. त्यांचं खरं असेल. पण मी पन्नास वर्षं मेंढराच्या मागं हिंडलो. तिच्या डोळ्यांत पाणी नाही राहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या रक्त काढायचं आहे. काल अजीजाबाईला म्हटलं, "थोरलीची... लाल पट्ट्याची पाळी ह्या बारीला चुकवा. अशक्त हाय."

"चाचा, तारीख लिहिलेली आहे. मॅडमचं सगळं तारखेवर रहता. कायकू एवढा घोर लावून घेता?"

घोर लागतोच. मेंढरांच्या वाड्यावर कुणी लेकरासाठी दूध मागायला यायचं, तेव्हा आजारी शेळीला आम्ही हात लावत नसू. तिच्या जोडीच्या शेळीचं द्यायचो. तिची पाळी हिनं भरायची. पुढं ती बरी झाली की हिची ती भरायची. माझ्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच. मागणाऱ्याला दूध पाहिजे असतं, अमक्याच शेळीचं कुणी मागत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

पट्टे बदलले. सकाळी सहाला लाल धाकटीला घातला आणि तिला नेलं. तीच उंची, तोच रंग. अजीजाबाईनं पट्टा बघून नळीवर नाव टाकलं. धाकटी ठणठणीत, रक्त भराभर आलं. संध्याकाळी पट्टे जिथले तिथं केले. दोघी एकाच दावणीचा चारा खातात, एकच पाणी पितात. रक्त ते रक्त. थोरलीनं आज अर्धी पेंढी खाल्ली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पट्टी आली नाही. कागद कोरा. मॅडम म्हणाल्या, काहीतरी चुकलं असेल, पुन्हा करू. अजीजाबाईवर रागावल्या, पहिल्यांदाच. अजीजाबाई बाहेर येऊन चहा प्यायली, मला म्हणाली, "माझे हात बांधून ठेवू का आता?"

मला वाईट वाटलं. यंत्रात बिघाड असेल. पाऊस फार झाला, ओल सगळीकडं आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. म्हाळसा येणार होती, मग सूनबाईच्या माहेरचे आले म्हणून राहिली. संस्थेत कुणी नाही. नवी पेठेत चक्कर मारून आलो. गर्दीत इतके लोक धक्का देऊन जातात की बरं वाटतं. एका दुकानात लुगड्यांचा भाव विचारला. घ्यायचं नव्हतं. दुकानदार पंधरा मिनिटं घड्या मोडून दाखवत बोलत राहिला, मीही बोललो. बायकोला कोणता रंग आवडतो विचारलं. मला सांगता आला नाही.

परत आल्यावर मेंढ्यांना पुरणाचा घास दिला. नियमात बसत नाही. मेंढ्यांच्या वहीत लिहिला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चौथी सुई. थोरलीलाच. पट्टे नीट होते, सकाळी दोनदा बघितले. औषध ज्याचं त्यालाच गेलं पाहिजे, ते दुसऱ्याला देऊन चालत नाही. पुन्हा गाठ येईल याची काळजी लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

गाठ आली. थोरली खोकते. पुन्हा पट्टे बदलून धाकटीला नेलं. जाताना थोडं भ्यायला झालं, मॅडम दारातच होत्या. पण त्यांनी मेंढीकडं बघितलंच नाही, नळीकडं बघत होत्या. संध्याकाळी पट्टे परत जागेवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा कोरा कागद.

मॅडम हात धुवायच्या नळापाशी उभ्या होत्या, नळ चालू होता आणि त्या हात धूत नव्हत्या. मी उलटा फिरलो. बाईमाणूस रडताना पुढं जाऊ नये. इतक्या शिकलेल्या बाईला एका रेघेसाठी रडू यावं, हे मला जरा लहान लेकरासारखं वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज कळलं ते असं.

दुपारी अजीजाबाई शेडपाशी डबा घेऊन बसली. म्हणाली, वरच्या कमिटीचं पत्र आलंय, हे काम बंद करा. मेंढीच्या रक्तानं आधी शिकलं आणि मग विसरलं, असं कधी होत नाही, पण झालं. मी म्हटलं, "दुसरी हाय की. निळी."

ती हसली. "चाचा, तिला काय येतंय? तिला सुईच दिली नाही ना. ती साक्षीदार. तिच्या रक्तात पट्टी यायलाच नको, म्हणून ठेवलीय. तिचं कोरं आणि लालवालीचं काळं, तवा मॅडमचं खरं."

मी भाकरी तोंडात धरून बसलो. ती विचारत होती, "क्या हुआ, ठसका लागला?"

दोन्ही वेळचं रक्त धाकटीचं होतं.

रक्त ते रक्त नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मॅडमच्या खोलीपर्यंत गेलो. त्या फोनवर होत्या. मेंढ्यांची वही टेबलावर ठेवून आलो. सांगितलं तर मला काढतील. काढलं तर जायचं कुठं? गावात दारासमोर रिकामा वाडा, मेंढरू एक नाही. पुण्यात दोन खोल्या. म्हाळसा म्हणते, बाहेरच्या खोलीत सूनबाईच्या कामाचं टेबल आहे, तिथं दिवसभर बोलायचं नाही. मी तिथं कुठं बसू? हितं निदान दोन जीव माझी वाट बघतात.

न सांगितलं तर काम बंद होईल. होऊ दे. मॅडम तरुण आहेत, दुसरं काम काढतील. असं लिहिलं खरं, पण मान न धरणारी लेकरं डोळ्यांपुढून हलत नाहीत. सृष्टी मान धरते. म्हाळसानं मोबाइलवर दाखवली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

म्हाळसाला सांगून बघावं म्हणून फोन केला. "आगं, एक चूक झाली माज्याकडनं."

"गॅस चालू ऱ्हायला?"

"न्हाय."

"मग काय बी नसंल. तुमी लई घोर करता बगा. आन् ऐका, सृष्टीला दात येतोय!"

मग दाताचंच बोलली. आवाज आनंदात होता. तो आनंद मोडवला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "काका, सोमवारी डॉक्टर येतील. सुई दिलेलं जनावर बाजारात विकता येत नाही, नियम आहे. त्रास होणार नाही असं इंजेक्शन देतील. दोघींनाही. तुम्ही त्या दिवशी रजा घ्या."

"धाकटीला बी?"

"कोण?"

"निळ्या पट्ट्याची."

"हो. तीही याच कामातली, तिलाही तोच नियम."

म्हणजे मी सुट्टी घ्यायची आणि मंगळवारी येऊन शेड धुवायची.

थोरली आता बरी आहे. खोकला गेला. भसाभसा खाते. बघवत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

दहा वाजता गेलो. मॅडम आणि अजीजाबाई सामान खोक्यांत भरत होत्या.

"बसा काका."

"बसत न्हाय. मॅडम, ते रक्त थोरलीचं नव्हतं."

"थोरली कोण?"

"लाल पट्टा. दोन बारी मी पट्टं बदललं. धाकटीला लाल घालून तुमच्यापुढं आनली."

अजीजाबाईनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "या अल्ला. चाचा!"

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या इतक्या हळू बोलल्या की मलाच पुढं व्हावं लागलं. "का?"

"तिला बरं नव्हतं. तिची पाळी हिनं भरली."

"आणि सुया? सुया कुणाला गेल्या?"

"थोरलीलाच."

"चारही?"

"चारीबी. औषध ज्याचं त्यालाच देत्यात."

"तुम्ही पट्टे परत कधी बदलले? त्याच दिवशी? आठवतं? की दोन दिवसांनी? एखादी सुई त्यात गेली असली तर सगळं..." त्या थांबल्या. "काका, माझं दोन वर्षांचं काम मी तुमच्या आठवणीवर कसं ठेवू?"

तारखा डोक्यात गोल फिरू लागल्या. दसरा आधी की पट्टे आधी, काही जुळेना. मग म्हटलं, "लिवलंय."

"मेंढ्यांच्या वहीत काही नाहीये."

"माज्या वहीत."

खोलीत जाऊन ही वही आणली. देताना हात मागं येत होता. हिच्यात काय काय आहे ते मला माहीत. नळापाशी त्या रडल्या तेही आहे, आणि मी काय म्हटलं तेही.

मॅडमनी उभ्यानंच वाचली. भराभर पानं उलटत गेल्या, बोटानं तारखा धरत. एका पानावर बराच वेळ थांबल्या. वहीच्या जाडीवरून मला कळलं, ते पाडव्याचं पान होतं. त्यात मेंढीच्या पुरणाशिवाय कामाचं काही नाही. पुढं नळाचंही पान आलं असणार. त्यांनी वर बघितलं नाही. शेवटी अजीजाबाईला सांगितलं, "सुयांच्या आणि रक्ताच्या तारखांच्या पानांचे फोटो काढ. बाकीची नकोत."

वही परत देताना म्हणाल्या, "तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

"तुमी समजलं का म्हनलात. मी समजलं म्हनलो."

मी बाहेर आलो तर मागून अजीजाबाईचा आवाज, "सोमवारच्या डॉक्टरला फोन लावू का मॅडम? नक्को म्हणून?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

थोरलीचं रक्त काढलं. मला आत घेतलं नाही. मी भिंतीशी उभा राहिलो. आत धडपड ऐकू येत होती, भांडं पडलं. मग दार उघडलं आणि अजीजाबाई केस मागं सारत म्हणाली, "या चाचा, मुंडी धरा. ही आमच्या बापाचं ऐकत नाही."

मी हनुवटी वर धरली. ती उभी राहिली.

३ डिसेंबर, बुधवार

काळी पट्टी. जाड, काजळाच्या बोटानं ओढल्यासारखी. मला चष्मा पुसावा लागला नाही. बाजूला धाकटीच्या रक्ताचा कागद कोरा, आणि त्या कोऱ्याचाही मॅडमना तेवढाच आनंद. ज्यांच्यात तो भाग नाही अशा पेशीही तपासल्या, तिथंही कोरं. म्हणजे हे रक्त दुसऱ्या कुणाला धरत नाही, त्या एकाच खिळ्याला धरतं. मॅडम शेडमध्ये आल्या आणि थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. मेंढीला डोक्यावर हात आवडत नाही, हनुवटीखाली आवडतो.

आता थोरलीला मरण नाही. सहा महिने तिचं थोडं थोडं रक्त लागणार. धाकटीही राहणार, जोडीला.

८ डिसेंबर, सोमवार

कमिटीचं पत्र. मॅडमनी वाचून दाखवलं, इंग्रजीतलं मराठीत करत, मध्ये मध्ये अडखळत. ज्यानं जनावराची खूण बदलली त्याला जनावरांपाशी ठेवता येत नाही. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

"मी भांडले काका. गेटवर ठेवायला परवानगी मिळाली. केबिनमध्ये राहता येईल."

"बरुबर हाय त्यांचं," मी म्हटलं. खरंच बरोबर आहे.

माझ्या जागी महेश्वर म्हणून माणूस आलाय, पन्नाशीचा, आधी डेअरीत होता. त्याला किल्ली दिली आणि सांगितलं, थोरलीला पाणी शिळं चालत नाही, धाकटीला आधी चारा घातला तर थोरली रुसते, पोती दुपारी उन्हात टाकायची, खुराच्या बेचक्यात बघायचं, आणि...

"आवो आबा," तो म्हणाला, "मेंढ्या हायत. लेकी न्हाईत सासरी धाडायच्या."

हसलो मीही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गेटापासून शेड तीस पावलं. मध्ये भिंत आणि कडुनिंब. येणाऱ्याजाणाऱ्याला नाव-गाव विचारायचं, लिहायचं. सकाळपासून शेडमधून ओरडणं येत होतं. दुपारी महेश्वर आला, रागातच.

"आबा, तुमी हितं बोललासा की ती तिकडं वरडती. दाव्याला हिसकं देती. तीन दिस झालं, चाऱ्याला तोंड लावंना. आशानं रगत कुटनं यायचं?"

"मी गेटावर बोलायचं न्हाय मग काय करायचं?"

"ते मला काय इचारता?"

मॅडमना त्यानं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर गेटही जाईल. पण त्याहून, ती खात नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

आता कुणी आलं की वही पुढं करतो, बोट दाखवतो. लोकांना वाटतं मुका आहे. एकानं हातवारे करून वेळ विचारली. महेश्वर म्हणाला, आज तिनं दोन पेंढ्या खाल्ल्या, पण माझ्या चपला वाजल्या की अजून कान टवकारते.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी म्हाळसाचा फोन आला. स्वतःहून, त्या वेळेला कधी करत नाही. मी केबिनच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून उचलला.

"अवो, संक्रांतीला आठ दिस सुट्टी हाय सूनबाईला. बिरू म्हनला, आई, जायाचं तर जाऊन ये. येऊ का मी तिकडं?"

"ये," मी म्हटलं.

"काय?"

"ये की."

"आवाज येईना. घसा बसला का तुमचा?"

"न्हाय."

"मोट्यानं बोला की जरा! हितं मिक्सर चालू हाय."

शेडकडं बघितलं. शांत होतं. दुपारच्या चाऱ्याची वेळ. मी फोन ओठाला लावून म्हटलं, ये, म्हाळसा, ये. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमाला नगं आसंल तर ऱ्हाऊ द्या," आणि ठेवला.

सात वाजता सुटी झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीपाशी गेलो. ट्रक जात होते. फोन लागल्या लागल्या सगळा जीव एकवटून ओरडलो, "ये! तू ये!" टपरीवाला दचकला.

"आबा?" बिरूचा आवाज. "कोन यायचं? काय झालं? आई सृष्टीला निजवतीय."

चारचौघं बघत होते. बिरू वाट बघत होता.

"काय न्हाय," मी म्हटलं. "सृष्टी बरी हाय का, ते इचारायचं हुतं."

"बरी हाय."

"बरं."

येताना गेटाच्या अलीकडंच चपला काढून हातात घेतल्या.